सतरावा ब्रश

दुसऱ्या मजल्यावरच्या बेसिनपाशी मी टूथब्रश पुन्हा मोजले. पहिल्या मजल्यावर आठ, इथे नऊ. झाले सतरा. रजिस्टरमध्ये मुली सोळा.

माझ्या मागे मालकीणबाई उभ्या होत्या. नाव जुबेदाबी, पण मुलींपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना खालाच म्हणत. खाला म्हणजे मावशी. साठी उलटलेली, गुडघे धरलेले, डोक्यावरची ओढणी मात्र जागची हलणार नाही. मी म्हटलं, "खाला, एक ब्रश जास्त आहे."

त्या जराही न अडखळता म्हणाल्या, "तो चांदी घासायचा हाय, मॅडम."

मी ब्रशला बोट लावून पाहिलं. ओला होता आणि पुदिन्याच्या पेस्टचा वास येत होता. इतकी सुगंधी चांदी मी तरी आजवर पाहिली नव्हती.

मी महापालिकेत परवाना निरीक्षक आहे. रिटायरमेंटला थोडेच महिने उरलेत, म्हणून आता हे सांगायला हरकत नाही. पीजी, म्हणजे पेइंग गेस्ट, म्हणजे एका घरात अनेक जणी. खाट आपापली, बाकी सगळं सामाईक. पनवेलमध्ये नर्सिंगच्या मुली, इंजिनिअरिंगच्या मुली, आता विमानतळाच्या नोकरीसाठी आलेल्या मुली. गल्लोगल्ली पीजी झाले. त्यांना लायसन्स लागतं. माणशी किती जागा, कितीजणींमागे एक बाथरूम, धुराचा अलार्म आणि राहणाऱ्या प्रत्येकीचं नाव रजिस्टरमध्ये, हे सगळं बघायचं काम माझं.

मालक लोक काय कमी बिलंदर असतात? इन्स्पेक्शनच्या दिवशी जादा गाद्या शेजाऱ्याकडे जातात आणि जादा मुली मॉलमध्ये. पण ब्रश लपवायचं कुणालाही सुचत नाही. म्हणून मी गाद्या मोजत नाही, ब्रश मोजते. ही युक्ती माझी स्वतःची आहे आणि मला तिचा भारी अभिमान आहे.

खरं सांगायचं तर तलावापलीकडचं हे घर मला आत पाऊल टाकताच आवडलं होतं. फरशी लख्ख, स्वयंपाकघरात मुलींच्या डब्यांवर नावं, जिन्यात एक चप्पल वाकडी नाही. पण नियम म्हणजे नियम. या जागेत सोळाच बसत होत्या. सतरावी सापडली की लायसन्स नामंजूर आणि घराला सील. म्हणजे खालांचं एवढं एकच उत्पन्न गेलं, आणि परीक्षेच्या तोंडावर सोळा मुली बॅगा घेऊन गल्लीत उभ्या. ब्रशची नोंद मी वहीत पेन्सिलने केली, पेनाने नाही.

गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक लहानशी खोली होती. तिला बाहेरून कुलूप. खाला म्हणाल्या, जुनं सामान आहे, चावी मुलाकडे राहिली आणि मुलगा कुवेतला. मी पुढे विचारलं नाही. जादा मुलगी मॉलमध्ये फिरत असणार, असं मी गृहीतच धरलं होतं.

आमच्याबरोबर अग्निशमन विभागाचे साळवी होते. माणूस इतका कोरडा की अंगावर पाणी ओतलं तरी भिजायचा नाही. ते दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात वर बघत थांबले. छतावरच्या धुराच्या डिटेक्टरवर गुलाबी शॉवर कॅप चढवलेली होती. मला हसू आवरेना. खालांनी सरळ सांगितलं की दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, त्या घरभर लोबानाचा धूप फिरवतात. धूर झाला की ते यंत्र बोंबलतं. म्हणून त्याला टोपी.

"आज गुरुवारच आहे," साळवी म्हणाले. "आणा तुमचा लोबान. त्याच्यावरच ड्रिल घेऊ."

ड्रिल म्हणजे आग लागल्याची रंगीत तालीम. अलार्म वाजला की तीन मिनिटांत सगळ्यांनी अंगणात यायचं. तीन मिनिटांच्या आत आलं तर साळवींची सही, आणि त्या सहीवर मी लायसन्स देणार. मी मनातल्या मनात मुलींच्याच बाजूने होते. इन्स्पेक्टर बाईने असं म्हणू नये, पण होते.

टोपी निघाली. खालांनी धूपदाणीत मूठभर लोबान टाकला आणि जिन्यात ठेवली. क्षणात पांढरा लोट उठला आणि तो अलार्म असा काही कोकलला की टाकीवरची कबुतरं भर्रकन उडाली. आम्ही अंगणात उतरलो. साळवींच्या हातात स्टॉपवॉच.

मग काय ती धावपळ! एक मुलगी डोक्याला शांपूचा फेस तसाच घेऊन आली. विमानतळाचा युनिफॉर्म घातलेली एक, एका पायात बूट आणि दुसरा हातात. एकीने पुस्तकं सोडून भाताचा कुकर उचलून आणला होता. मी बोटांवर मोजत होते. दहा, बारा, पंधरा. सोळावी उडी मारून शेवटची पायरी उतरली आणि साळवींनी बटण दाबलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. मुलींनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, कशाला खोटं बोलू!

साळवींनी फॉर्म पॅडवर घेतला आणि खालांना विचारलं, "सगळ्या आल्या?"

"आल्या," खाला म्हणाल्या. पण त्यांची नजर गच्चीकडे होती.

अलार्म अजून वाजतच होता. लोबानाचा धूर जिन्याने वर वर चढत होता. साळवींनी पेनाचं टोपण काढलं आणि सही करता करता, रोजचं काहीतरी सांगावं तसं, ते म्हणाले, "यादी पूर्ण आहे म्हटलं की आम्ही माणसं वर पाठवत नाही. खरी आग असली तरी नाही."

खालांनी धूपदाणीचा चिमटा हातातून टाकला आणि जिन्याकडे धावल्या. ज्या बाईला पहिल्या मजल्यापर्यंत दोनदा टेकावं लागत होतं, ती बाई दोन-दोन पायऱ्या चढत होती. मी मागोमाग. धुराने डोळ्यांतून पाणी, वर गच्चीवरच्या खोलीच्या दारावर धाडधाड आवाज. कुवेतची चावी खालांच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला निघाली. घाईत ती कुलपात जाईना. शेवटी मी त्यांचं मनगट धरलं आणि आम्ही दोघींनी मिळून ते कुलूप उघडलं.

आत एक मुलगी उकिडवी बसली होती. नाकाला ओला टॉवेल आणि दाराच्या फटीत स्वतःचा कॉलेजचा अॅप्रन कोंबलेला. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची होती ती, म्हणून तिला एवढं सुचलं. ती खोकत बाहेर आली आणि रडली नाही. खालांकडे बघून एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

खाला तिथेच गच्चीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी कपाळ बडवायला लागल्या. "आमी कुलूप लावला," त्या परत परत म्हणत होत्या. "आमीच लावला."

मुलीचं नाव प्राची. पोलादपूरकडची. मी तिला विचारलं, आधी कुठे राहत होतीस? तिने पीजीचं नाव सांगितलं. ते मला चांगलंच माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी तिथे जिन्यात गॅसचे सिलिंडर ठेवलेले सापडले म्हणून सील लागलं होतं. सील लावणारी मी. सील बरोबरच होतं, आजही लावीन. पण लावून झाल्यावर मी रिक्षात बसून घरी गेले होते आणि आतल्या मुली कुठे गेल्या हे विचारलंही नव्हतं. त्यातली एक खालांच्या दाराशी येऊन उभी राहिली. परीक्षा होईपर्यंत ठेवा म्हणाली. खालांच्याने नाही म्हणवलं नाही. मला त्या क्षणी माझी, माझ्या ब्रशांच्या हुशारीची, फार लाज वाटली.

सही अर्थातच झाली नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे फाइल ठेवली. साहेब म्हणाले, "जादा मुलगी सापडली ना? मग सील."

"सापडली नाही साहेब," मी म्हटलं. "मला नाही सापडली. त्यांनी स्वतः दाखवली. सही होत असताना."

साहेबांनी चष्मा काढला. मी तेवढ्यात नियमातलं दुरुस्तीच्या मुदतीचं कलम पुढे सरकवलं. ते पान मी आधीच दुमडून ठेवलं होतं. एक महिना मिळाला.

त्या महिन्यात खालांनी गच्चीच्या खोलीचं दारच काढून टाकलं. तळमजल्यावरची स्वतःची झोपायची खोली मोकळी केली, मोजमापासह नवा नकाशा दिला आणि आपला पलंग हॉलमध्ये हलवला. आता जागा सतराजणींची झाली. प्राचीचं नाव रजिस्टरमध्ये आलं. लोबान अंगणातच फिरायला लागला. आणि मुलींनी आपसात ठरवून हजेरीची यादी प्राचीच्या हातात दिली.

दुसरी ड्रिल. अलार्म वाजला, मुली धडाधड उतरल्या. या वेळी कुकर नाही, फेस नाही. प्राची एकेक नाव वाचत होती, हजर, हजर, हजर. सतरा झाल्या तेव्हा दोन मिनिटं पाच सेकंद झाले होते. मी पेन उघडून तयार. साळवी बटण दाबणार तेवढ्यात प्राची म्हणाली, "थांबा सर. एक कमी आहे."

"सतरा आहेत," मी म्हटलं.

"खाला कुठे आहेत?"

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. खाला अजून वर होत्या. कुणी राहिली तर नाही ना, म्हणून एकेक खोली, एकेक बाथरूम, पलंगाखालीसुद्धा वाकून बघत होत्या. प्राचीने यादी माझ्या हातात कोंबली आणि जिना चढली. त्यांना हाताला धरून खाली आणेपर्यंत चार मिनिटं उलटली होती. साळवींनी शांतपणे 'नापास' लिहिलं.

तिसऱ्या ड्रिलला पास झाले. त्या दिवशी खालांना सगळ्यांत आधी अंगणात खुर्ची टाकून बसवलं होतं. प्राचीचा हुकूम होता आणि खालांनी तो निमूट ऐकला. लायसन्सवर सतरा हा आकडा आहे. दाराशेजारी लावलेल्या हजेरीच्या यादीत नावं अठरा आहेत.

आमच्याकडे नवीन इन्स्पेक्टर आले की मी त्यांना एवढंच शिकवते. गाद्या मोजू नका, ब्रश मोजा. आणि मालकिणीचा ब्रश तळमजल्याच्या बेसिनवर असतो. तो मोजायला मी विसरले होते.