पेरूच्या झाडाखाली काहीच नव्हतं

बाळांनो, हे मी कालपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्या आबांनासुद्धा नाही — आणि ते तर दिवसभर माझ्यासमोर बसलेले असतात.

तसे ते पूर्वी बसत नसत. तुमचे बाबा परदेशी गेले आणि वडगाव रासाईच्या या घरात आम्ही दोघंच उरलो. ते पडवीत पेपर घेऊन, मी मागच्या खोलीत माझी इंग्रजी पुस्तकं घेऊन. गाठ पडायची ती जेवायला. मग डेझी ही कुत्री आली आणि तिला हे मुळीच पटेना. माझ्या टाचेला नाक लावून ती मला ढकलत पडवीत आणायची, आम्ही शेजारी बसलो की मगच स्वतः बसायची. आबा उठले तर आडवी व्हायची. “अगं, मला मेंढरासारखं काय वळवतेस!” असं म्हणून ते हसायचे — किती दिवसांनी ऐकलं होतं मी ते हसू!

तुमची आजी शिस्तीची, हे तुम्ही जाणताच. तुम्हाला फाटकाशीच बूट काढायला लावणारी. डेझीसाठीही नियम केले होते. स्वयंपाकघरात यायचं नाही, अंग पुसायचा टॉवेल वेगळा. मी तिला कॉन्व्हेंटमधल्या इंग्रजीत हुकूम सोडायची, ती मान तिरकी करून ऐकायची आणि थेट स्वयंपाकघरात जायची. सकाळी भीमेवर फिरायला गेलो की पाण्यात उतरायची आणि माझ्या कडक इस्त्रीच्या साडीवर अंग झटकायची. आणि मी — मी हसायची. रागवायचं असतं हेच विसरून गेले होते.

तुम्हाला मी सांगितलं होतं, रस्त्यावर सापडली, दत्तक घेतली. तुम्ही किती कौतुक केलंत माझं. पण ती सापडली नव्हती. कशी सांगू? — आधी मेंढरांचं सांगते.

कांदा निघाला की आम्ही रानात मेंढरं बसवायचो. चार रात्री कळप शेतात बसला की जमिनीला लेंडीखत मिळतं. पाबळकडून बिरूमामा दरवर्षी कळप घेऊन यायचे. एका वर्षी त्यांच्या कुत्रीचा पाय उसाच्या ट्रॅक्टरखाली आला. तिला चालवेना. बिरूमामा म्हणाले, “बाई, पाय बरा होईस्तवर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. माघारी येताना नेतो. वाघी नाव हाय तिचं.”

विश्वासाने ठेवलेली होती ती. मी हो म्हणाले होते. डेझी हे नाव नंतर मी ठेवलं.

पावसाळ्याच्या तोंडावर ते परत आले. मी खिडकीतून पाहिलं. आबा दौंडला गेले होते. मी डेझीला न्हाणीघरात नेलं, पुढ्यात दुधाची वाटी ठेवली, कडी लावली. हे सगळं किती सहज जमलं मला! बिरूमामांनी विचारलं, वाघी कुठंय?

मेली, मी म्हणाले.

मला ती द्या, असं म्हणून पाहायचं होतं ना? कदाचित दिलीही असती त्यांनी. पण मागितलं तर नाही म्हणतील — ही भीती. ते पायरीवर मटकन बसले. मग म्हणाले, “कुठं पुरली?” आणि मी — मी पेरूच्या झाडाखाली बोट दाखवलं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढला, तिथल्या मातीवर टाकला, हात जोडले. वर मला म्हणाले, “तुमी लई केलं तिचं.”

मी त्यांना चहा दिला. पेरूच्या झाडाखाली काहीच नव्हतं.

आबा दौंडहून आले तेव्हा त्यांना सांगितलं, बिरूमामांनी ती मला देऊन टाकली. पुढच्या वर्षापासून मी मेंढरं बसवणंच बंद केलं. आबांना सांगितलं, वास सहन होत नाही. हे आणखी एक खोटं. आणि खरं सांगू? मला झोप लागायची. सकाळी ती उशाशी शेपटी आपटायची आणि मी सुखात जागी व्हायची. त्या सुखात काही खुपलं नाही, याला काय म्हणावं?

काल कळप रस्त्याने चालला होता. आबांनी बिरूमामांना चहाला आत बोलावलं. डेझी माझ्यापाशी, मागच्या खोलीत. दाराच्या फटीला नाक लावून ती उभी होती, अख्खं अंग थरथरत होतं. कडी लावायला मी हात वर केला होता — आणि तिच्या धक्क्याने दार उघडलं.

तिने बिरूमामांना चहासकट आडवं केलं. फेटा एकीकडे, कप एकीकडे.

“आरारारा! मेलेली कुत्री लई जाड झाली की वो बाई!”

आबा पोट धरून हसत होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

“मी खोटं बोलले होते, बिरूमामा.”

“व्हय, त्ये दिसतंयच की,” ते म्हणाले. ती त्यांचे कान चाटत होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आबांचं हसू थांबलं.

मग बिरूमामा उठले, फेटा गुंडाळत कळपाकडे गेले, एक शीळ घातली. तिला जा म्हणावं लागलं नाही, ती त्यांच्यामागे निघाली. मी फाटकाशी उभी होते. हाक मारली नाही. वळणावर एक मेंढी उसात शिरली, तशी डेझी शेपटी उभारून सुटली, तिला वळसा घालून कळपात आणलं, पुन्हा पुढे धावली, पुन्हा मागे — आनंदाने नुसती उधळली होती. इतकी वर्षं ती माझ्याकडे होती. तिला असं पळताना मी काल पहिल्यांदा पाहिलं.