किडनी विभागातल्या आगरी मॅडम

नेरूळच्या ज्या रुग्णालयात माझ्या नवऱ्याचं डायलिसिस चालतं, तिथे किडनी देणाऱ्यांशी बोलायचं काम एका मॅडमकडे आहे. साडीवर बूट, गळ्यात लटकवलेले दोन चष्मे आणि तोंडात कायम लवंग. नवऱ्याला किडनी मीच देणार आहे. माझी प्रश्नांची यादी दिसली की म्हणतात, "काकू, दहाच्या वर असतील तर चहा तुमचा." डॉक्टरांनी सांगितलेलं त्या प्रत्येकाकडून त्याच्याच भाषेत वदवून घेतात. नुसती मान हलवलेली चालत नाही.

मागच्या मंगळवारी जुईनगरची एक आगरी म्हातारी आली होती. मुलाला किडनी द्यायची सगळी तयारी झाली होती, आणि ऐनवेळी ती डॉक्टरांना "नाय" म्हणाली. कारण सांगेना. मुलगा खाली मान घालून बसला. मॅडमनी तिला एकटीला बाहेर आणून माझ्या शेजारी बसवलं.

"आये, भ्याव कसला वाटतं?"

"मरनाचा नाय गो. मी धवलारीन हाय, लग्नान देवाचे धवले गातंय. आंग अधुरा झाला तं मना कोन बोलवंल?"

हा प्रश्न रुग्णालयाच्या फॉर्मवर नव्हता. माझ्या यादीतही आला नसता.

मॅडम म्हणाल्या, "माघान माझे पोरीचा लगीन हाय. किडनी दे नायतं नको दे, धवला तूच गायचा."

म्हातारीनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "तं आपरेशन बिगी करा. हलदीपरेंत मना उभी रव्हाला पायजे."