तिघांना विचारणारा कप्तान

अण्णा गेले, हे मी तिघांना विचारून खरं मानलं. सकाळी पुतण्याचा, संतोषचा, फोन आला. मी तो ठेवला आणि वहिनींना लावला. त्या नुसत्या रडल्या. मग उचगावात त्यांच्या शेजाऱ्यांना लावला… तो उचलला जाईपर्यंत मनात वेडी आशा होती. तिसरीकडूनही तेच ऐकलं. याला आता दीड महिना झाला. तिघांना विचारायची खोड आमच्या घरचीच, पण माझ्या थोरल्या भावानं, अण्णांनी, ती समुद्रावर नेली, म्हणून आज लिहायला बसले आहे.

आमच्या भागात वाट विचारली तर माणूस ‘ठाऊक न्हाय’ म्हणत नाही. पाहुण्याला नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं, म्हणून तो कुठली तरी दिशा दाखवतोच. आत्याच्या सोयरिकीला नंदगडच्या बाजूला निघालेले आमचे वडील, आप्पा, अशाच एका भल्या माणसाच्या भरवशावर भलत्याच गावात उतरले. तिथं चहा-पोहे झाले, आणि मुलगा पाहायला मागितला तेव्हा कळलं की त्या घरात मुलगाच नाही. तेव्हापासून आप्पा म्हणायचे, ‘‘एकाचं ऐकावं, दुसऱ्याला इचारावं, तिसऱ्यानं सांगितलं की बैल हाणावं.’’

विहिरीपलीकडं पाणी न पाहिलेल्या घरातले अण्णा मालवाहू जहाजाचे कप्तान झाले. सुट्टीवर आले की तेही गाडी थांबवून तीन ठिकाणी रस्ता विचारत. आम्ही हसायचो. एका गौरी-गणपतीत शेंगा फोडता फोडता मी म्हटलं, ‘‘अण्णा, फोनला इचार की. साऱ्या जगाला वाट दावतोय तो.’’

‘‘फोनला कोण सांगतंय गं? वरचा उपग्रह,’’ अण्णा म्हणाले. ‘‘त्याचा आवाज खाली येईस्तवर लई बारीक हुतोय. जत्रेत भोंगा लावला की आईची हाक ऐकू येत न्हाय, तसा कुणीबी तो दाबू शकतंय. त्ये परवडलं, जहाजावरचा नकाशाचा पडदा बंद पडतोय आणि आपल्याला कळतंय. पण कुणी आईचाच आवाज काढून हाक मारली तर?’’

मग त्यांनी आखातातली एक सकाळ सांगितली. पडद्यावर जहाज खोल पाण्यात, अगदी ठरल्या रेषेवर चाललं होतं. हाताखालचा अधिकारी म्हणाला, सगळं ठीक आहे. अण्णांनी रडारवर बेटाचं अंतर मोजायला लावलं. बेट फार जवळ निघालं. पाण्याची खोली मोजून पाहिली, तळ वर येत होता. तरी ते स्वतः बाहेर गेले आणि धुळीतून दिसणाऱ्या दीपस्तंभाची दिशा होकायंत्रावर डोळ्यांनी घेतली. तिन्ही साक्षी एक झाल्या, पडदा एकटा पडला. कुणीतरी दुरून खोटे संकेत सोडून जहाजाला खडकांकडं ओढत होतं. अण्णांनी वेग कमी केला, जहाज वळवलं आणि बावीस माणसं सुखरूप बंदरात नेली. पोचायला उशीर झाला म्हणून मालकांनी वर जाब विचारला. अण्णांनी दोनच शब्द लिहून पाठवले, ‘माणसं पोचली.’ हे त्यांनी आम्हाला सांगितलं आणि पुन्हा शेंगा फोडायला लागले. माझा भाऊ केवढा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

बाराव्याला मी मुलाबरोबर अनगोळहून निघाले. फोनमधली बाई वाट सांगत होती. उचगावच्या वेशीवर मी गाडी थांबवायला लावली आणि म्हटलं, ‘‘कप्तानाच्या घराची वाट इचार.’’

‘‘आई, तुझं माहेर हाय की गं हे…’’

‘‘असू दे. इचार.’’

चहावाल्यानं हातातली किटली तशीच त्या बाजूला वळवली. वैरण घेऊन चाललेली बाई थांबली आणि हनुवटीनं तिकडंच दाखवून गेली. देवळाच्या पायरीवरच्या म्हाताऱ्यानं काठी उचलली. ‘‘आमच्या कप्तानाचं घर व्हय?’’ तो म्हणाला, ‘‘ते काय, सरळ जावा.’’ तिघांची दिशा एकच होती, आणि तिघांनाही ती खरोखर ठाऊक होती.

डोळे पुसून मी मुलाला म्हटलं, ‘‘हाण आता.’’