सिस्टर श्यामलांची पाठ

आमच्या श्यामलावहिनी लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होत्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. कुणा पेशंटला पडून पडून अंगाला जखम, बेडसोर झाला की त्यांचं एकच वाक्य, "पेशंटची चूक कधीच नसते. नर्स झोपली होती." हे आम्हाला जेवतानासुद्धा ऐकावं लागे. मी त्यांची नणंद, शशी. आयुष्यभर लायब्ररीत पुस्तकं लावली, मला काय कळणार म्हणा!

माझा भाऊ गेला, मग वहिनींना स्ट्रोक आला आणि डावी बाजू लुळी पडली. मी बाडबिस्तरा घेऊन त्यांच्याकडे राहायला गेले. घरी येऊन सगळं करणारी कौन्सिलची केअरर त्यांना नको होती. मलाही नकोच होती, खोटं कशाला बोलू? इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मी सगळ्यांना ऐकवून आले होते, "आमच्याकडे परकं माणूस लागत नाही."

खुर्चीत बसवलं की वहिनी तिथेच. "वहिनी, जरा कुशीवर निजवू का?" विचारलं की म्हणायच्या, "आत्ताच तर हलले. मला शिकवतेस?" खालचं अंग मला पुसू देत नसत, चांगल्या हातानं स्वतःच पुसत. सिस्टरपुढे कोण बोलणार?

मग खोलीत वास यायला लागला. वहिनी दिवसभर उदबत्त्या लावायला सांगू लागल्या. एवढी भक्ती त्यांच्या अंगात कधीच नव्हती! एका सकाळी चादर बदलताना पिवळा डाग दिसला. मी त्यांना बळंच कुशीवर वळवलं आणि गाऊन वर केला. माकडहाडावर सुपारी मावेल एवढा खड्डा पडला होता, कडा काळ्या.

"अगं बाई! वहिनी, हे कधीपासून?"

"गाऊन खाली कर." मग त्यांचा आवाज एकदम पडला. "शशी, हात जोडते, कुणाला सांगू नकोस. या गावातल्या अर्ध्या नर्सा माझ्या हाताखालून गेल्यात. सिस्टर श्यामलाला बेडसोर! कुणाला काय तोंड दाखवू?"

जोडायला हात एकच होता, तो कपाळाला लावला.

मी चिडले, खूप चिडले. पण मलाही लाज वाटत होतीच. मंडळातले म्हणणार, नणंदेनं धड बघितलं नाही. दुपारपर्यंत फोन हातात धरून नुसती बसले, आणि त्याची तर मला जास्तच लाज वाटते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? वहिनींना ताप चढला तेव्हा कुठे मी घरी येऊन तपासणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सला बोलावलं.

आली ती नेमकी अक्षरा. इथेच जन्मलेली, आमच्या मंडळातल्या वैजयंतीची नात. तिला बघताच वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"आजी, मी तुमचा पाठ बघू का?" तिनं तिच्या मोडक्या मराठीत विचारलं. जखम धुतली, मापली, फोटो काढला. तेवढा वेळ वहिनींनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला होता.

"तोंड काय झाकताय? तोंडाला काही झालेलं नाही!" मी रडत रडत ओरडले.

"इन्फेक्शन आहे आजी, हॉस्पिटलला जावा लागेल," अक्षरा म्हणाली.

"कुठल्या?" टॉवेलखालून.

"तुमच्याच."

अक्षरा माझ्याकडे वळली. हळूच विचारलं तिनं, पण विचारणं तिला भागच होतं. "शशीआजी, रोज यांचा स्किन कोण चेक करत होता?"

माझी मान खाली गेली. 'मी' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी बोलल्या.

"अक्षरा, लिहून घे." वॉर्डातला तो जुना, कडक आवाज. वहिनींनी टॉवेल बाजूला केला होता, डोळे लाल झाले होते. "तिनं रोज विचारलं. पेशंट खोटं बोलली. नर्सची चूक नाही."