अनोळखी पुरुष, वय अंदाजे पस्तीस

माझ्या मावशीला शर्टाच्या कारखान्यात सगळे ‘भिंग’ म्हणायचे. शिवून आलेला शर्ट पुढे जाण्याआधी तपासायचा, हे तिचं काम. एकतीस वर्षं तिने तेवढंच केलं. कॉलर, बाह्या, काजं, बटणं, मग शर्ट उलटा करून आतली शिवण. एक टाका सुटलेला दिसला की शर्ट परत. दोऱ्याचा रंग किंचित वेगळा वाटला तरी परत. शिवणाऱ्या बायका तिच्या नावाने बोटं मोडायच्या आणि मालक तिला सोडायला तयार नव्हता. शेवटी साठाव्या वर्षी ती निवृत्त झाली. तिसऱ्याच दिवशी मला तिचा फोन.

“उद्या मोकळी आहेस का? जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑफिसात जायचंय.”

“कोण गेलं?” मी घाबरून विचारलं.

“बाबा,” ती म्हणाली. “म्हणजे, गेले असतील तर.”

तिचे बाबा, माझे आजोबा, शिलाई मशीन दुरुस्त करायचे. पिशवीत हत्यारं घालून बसने गावोगाव फिरायचे. मावशी नऊ वर्षांची आणि माझी आई पाळण्यात असताना एका सकाळी ते कामाला म्हणून गेले, ते परत आलेच नाहीत. आजीने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं, की कुठल्यातरी गावात दुसरी बाई असणार. आजीच्या सख्ख्या दिराने त्यावर मान डोलावली. आजी पोलिसांत गेली नाही. तिने भिंतीवरचा फोटो उतरवला, नवऱ्याच्या वस्तू घराबाहेर काढल्या आणि इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला लागली. पुढे कधी त्यांचा विषय निघालाच, तर ती एकच शब्द बोलायची. “पळपुटा.”

या गोष्टीला एक्कावन्न वर्षं झाली. आजी आता चौऱ्याऐंशीची आहे. गुडघे गेलेत, तिसऱ्या मजल्यावरून दोन वर्षांत खाली उतरलेली नाही. जीभ मात्र शाबूत आहे. मावशीला जे शोधायचं होतं, ते आजी आहे तोवरच शोधायचं होतं. “पळून गेले असतील तर तसं कळू दे,” ती मला म्हणाली. “पण नक्की काय ते आईला कळलं पाहिजे. अशी अर्धवट गोष्ट उराशी घेऊन ती जायला नको.”

पहिल्या दिवशी खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, “मृत्यूची तारीख?”

“तीच शोधायला आलेय.”

“तारखेशिवाय शोधता येत नाही.”

“अहो, तारीख ठाऊक असती तर मी कशाला तुमच्याकडे हेलपाटे घातले असते?”

कारकुनाने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. माझ्या मावशीशी वाद घालणाऱ्याची मला नेहमीच दया येते, पण मी मध्ये पडत नाही.

चार खेपा झाल्या. एकदा साहेब जेवायला गेलेले, एकदा मीटिंगला, एकदा चावी ज्याच्याकडे असते तो रजेवर. चौथ्या खेपेला दहा वर्षांच्या नावांची सूची पाहायला मिळाली आणि तीत आजोबांचं नाव नव्हतं. मी तिसऱ्या खेपेलाच कंटाळले होते, हे कबूल करते. मावशीला म्हटलंसुद्धा, “आता पुरे. नाही सापडत माणूस.” तिने माझ्याकडे असं पाहिलं, की माझंच एखादं काज उसवलंय असं मला वाटलं.

मग तिने सार्वजनिक वाचनालय गाठलं आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलींतल्या निधनवार्ता वाचायला घेतल्या. तीन आठवडे रोज सकाळी दहाला हजर. एकूण एक मयत माणूस मनमिळाऊ आणि परोपकारी. “आपल्या शहरात एकही खडूस माणूस मेलेला नाही बघ,” ती म्हणाली. “सगळे खडूस अजून जिवंतच आहेत. दोन-तीन त्या खिडकीत बसतात.” पण बाबा तिथेही नव्हते. निधनवार्ता घरचे देतात, आणि घरच्यांनाच पत्ता नव्हता.

वाट दाखवली ती नोंदणी ऑफिसातल्या अभिलेख खोलीच्या बाईंनी. धुळीमुळे त्या नाकाला रुमाल बांधूनच बसायच्या. मावशीला पाचव्यांदा आलेली बघून त्यांनी रुमाल खाली ओढला.

“ताई, ते राहत कुठे होते ते सोडा. गेले कुठे होते ते सांगा. माणूस जिथे मरतो तिथल्या ऑफिसात नोंद होते, राहत्या ठिकाणी नाही. लोक उगाच वर्षानुवर्षं आपल्याच ऑफिसचे उंबरे झिजवतात.”

मावशी त्यांचे आभार मानायलाही विसरली. घरी येऊन तिने पलंगाखालची पेटी ओढली आणि तळातून एक वही काढली. आजीने बाबांच्या वस्तू बाहेर काढल्या त्या दिवशी नऊ वर्षांच्या मावशीने ही वही फ्रॉकखाली लपवली होती. गिऱ्हाइकांची वही. गाव, मशीन कुठलं, बिघाड काय. तेवीस गावं होती. त्या गावांची मिळून नऊ नोंदणी ऑफिसं निघाली.

दर मंगळवारी एक ऑफिस, असं तिने ठरवलं. एका ठिकाणी जुनी रजिस्टरं दुसऱ्या इमारतीत हलवलेली, एका ठिकाणी वाळवीने खाल्लेली. तिथल्या माणसाने खाल्लेलं रजिस्टर उघडून दाखवलं, तर मावशीने उरलेली पानंही वाचून काढली. तिच्या चिकाटीपुढे माझ्या नाकी नऊ आले, पण आता मलाही राहवत नव्हतं. मीच सोमवारी फोन करून विचारायला लागले, “उद्या किती वाजता?”

सातवं ऑफिस म्हणजे बस थांब्यामागची एक बुटकी खोली. कारकून एकटाच होता. तो म्हणाला, “बसा आणि बघा तुमचं तुम्हीच.” मावशीने चष्मा पुसला. बाबा घरातून निघाले त्या तारखेपासून सुरुवात केली. शिवणीवरून फिरवायची तसं बोट ओळीवरून फिरवत ती प्रत्येक रकाना वाचत होती, नुसती नावं नाही. सुरू केल्या केल्या पहिल्याच पानावर बोट थांबलं.

अनोळखी पुरुष. वय अंदाजे पस्तीस. ठिकाण, बस थांबा. वेळ, दुपारी चार. कारण, हृदयक्रिया बंद पडल्याने. खबर देणार, पोलीस.

तारीख तीच. ज्या दिवशी निघाले तोच दिवस.

नाव नव्हतं, म्हणून नावाने शोधणाऱ्या कुणालाही हा माणूस कधीच सापडला नसता. मला एकदम रडू आलं. मावशी रडली नाही. तिने ओळ पुन्हा वाचली.

“असे अनोळखी खूप असतात हो,” कारकून म्हणाला. बोलायला मवाळ होता बिचारा. “हे तुमचेच कशावरून?”

“कशावरून ते मी आणते. नाव चढवायचं झालं तर काय लागेल?”

“ओळख पटेल असं काहीतरी. आणि जवळच्या माणसाने स्वतः इथे येऊन लिहून द्यायला हवं. पत्नी हयात आहेत?”

“आहेत.”

“मग त्यांनीच यायला हवं.”

मी मनात तीन मजल्यांचे जिने मोजले.

मावशी तिथूनच त्या गावच्या वाचनालयात गेली. तिथे जिल्ह्याचं साप्ताहिक यायचं, आमच्या शहरात ते कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. पुढच्याच अंकात, आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात पोलिसांचं निवेदन सापडलं. मी फोनवर फोटो काढला, तरी तिने ते हाताने उतरवून घेतलंच. उतरवता उतरवता तिचं पेन थांबलं.

“डाव्या खिशाला हिरव्या दोऱ्याची शिवण,” तिने वाचलं. “निळ्या शर्टाला हिरवा दोरा. मी असा शर्ट डोळे मिटून परत पाठवला असता.” आणि मग ती रडली. वाचनालयाच्या बाकावर, तोंडावर पदर दाबून, बराच वेळ.

पण बाबांचा त्या दिवशीचा शर्ट तिला आठवत नव्हता. तो आठवू शकणारं जगात एकच माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आजीकडे गेलो. ती पलंगावर बसून धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. धुलाईखान्याची सवय अजून सुटलेली नाही, काठाला काठ जुळलाच पाहिजे. मावशीच्या हातातला कागद बघून ती म्हणाली, “त्या पळपुट्याचं काही असेल तर मला ऐकायचं नाही.”

“नको ऐकूस. मी आपली मोठ्याने वाचते.”

आणि मावशीने वाचलं. “येथील बस थांब्यावर एक अनोळखी पुरुष मृतावस्थेत आढळला. वय अंदाजे पस्तीस, उंची मध्यम, रंग सावळा. अंगात फिकट निळा सदरा, डाव्या खिशाला हिरव्या दोऱ्याची शिवण.”

आजीचे हात थांबले.

“सोबत कापडी पिशवी. पिशवीत दोन पेचकस, तेलाची कुपी, पांढऱ्या दोऱ्याचे एक नवे रीळ. ओळख पटल्यास पोलीस ठाण्यात कळवावे.”

आजीने टॉवेल मांडीवर ठेवला. मग ती कागदाकडे न पाहता बोलायला लागली.

“खिसा फाटला होता. घरात पांढरा दोरा संपला होता, म्हणून मी हिरव्याने शिवला. त्यावरून सकाळी भांडण झालं. म्हणाले, मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या खिशाला हिरवा दोरा, लोक हसतील मला. मीही चिडले. म्हटलं, मग येताना पांढरा घेऊन या, नाहीतर घरी येऊच नका.”

एक्कावन्न वर्षांत हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. गल्ली त्या दुसऱ्या बाईबद्दल बोलत राहिली, आणि आजीला मनातून वाटत राहिलं की आपल्याच बोलण्याने माणूस गेला.

“आई,” मावशी म्हणाली, “त्यांनी आणला होता.”

आजी रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं, आणि मला तिच्याकडे बघवेना. मग तिने अर्धवट राहिलेली घडी काठाला काठ जुळवून पुरी केली, टॉवेल गठ्ठ्यावर ठेवला आणि पाय पलंगाखाली सोडले.

“माझी काठी दे,” ती मला म्हणाली. “ते ऑफिस किती वाजता उघडतं?”