जेवणाच्या टेबलावरची रेसगाडी

माझ्या मावशीने एकतीस वर्षं लोकांचे दात केले. दंतवैद्य तोंडाचं माप पाठवायचे, लॅबमध्ये त्याचा प्लास्टरचा साचा व्हायचा आणि त्या साच्यावर मावशी ओल्या ब्रशने पांढरी पूड थरावर थर चढवत दात उभा करायची. मग तो भट्टीत जायचा. दाढा कुणीही करायचं, पण हसल्यावर दिसणारे पुढचे दात फक्त मावशीकडे. शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळला नाही, तर माणूस जन्मभर तोंडावर हात धरून हसतो, असं ती म्हणायची.

मग लॅबमध्ये मशीन आलं. कॉम्प्युटरवर दात आखायचा, मशीन तो ठोकळ्यातून कोरून काढणार. मालक मावशीपेक्षा वीस वर्षांनी लहान, त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून गोड आवाजात सांगितलं, "ताई, किती डोळे ताणणार? आता जरा आरामाचं काम घ्या." आरामाचं काम म्हणजे तयार दात डबीत भरायचे आणि डबीवर पत्ता चिकटवायचा. खिडकीजवळची तिची जागा कॉम्प्युटरला गेली.

मी तेव्हा नव्या नोकरीमुळे मावशीकडेच राहत होते. घरात मावशी, काका आणि काकांची थोरली बहीण, म्हणजे मावशीची नणंद. तिला सगळे अक्का म्हणतात. त्या संध्याकाळी काका म्हणाले, "चांगलंच झालं की! पगार तोच, डोक्याला ताप नाही."

"हो ना," मावशी म्हणाली आणि भांडी घासायला उठली. त्या दिवशी तिने घासलेली पातेली आधीच घासून ठेवलेली होती. 

पंधरा दिवसांनी ती कामावरून एक मोठा खोका काखेत मारून आली. खोक्यावर रेसगाडीचं चित्र होतं. जमिनीला चिकटलेली पांढरी गाडी, निळे पट्टे, मागे भलामोठा पंख. आत सुटे तुकडे, एकेका चौकटीत फळांसारखे लटकलेले. खऱ्या गाडीच्या विसाव्या हिश्शाचं मॉडेल, आपणच जोडायचं, आपणच रंगवायचं.

"दुकानदार विचारत होता, नातवासाठी का म्हणून," मावशी चपला काढत म्हणाली.

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"माझ्यासाठी म्हटलं. तर म्हणतो, अवघड आहे हो हे. मी म्हटलं, मग दोन मिनिटं आधी नातवाला कसं देत होतात?"

अक्कांनी खोका उलटसुलट करून पाहिला. "हे वय आहे का गाड्या खेळायचं?"

"वय झालंय म्हणूनच तर आरामाचं काम दिलंय ना मला," मावशी म्हणाली. "हा माझा आराम."

आणि तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली.

घरात दुसरं टेबल नव्हतं. पहिले दोन दिवस ती जेवायच्या वेळी सगळं आवरायची. तिसऱ्या दिवशी आवरताना गाडीच्या बाजूच्या आरशाचा, नखाच्या अर्ध्याएवढा, तुकडा हरवला आणि तासभर आम्ही सगळे फरशीवर रांगत होतो. तो सापडल्यावर मावशीने जाहीर केलं, "आता हे हलणार नाही." तेव्हापासून आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागलो.

"जेवणाचं टेबल आहे की गॅरेज?" अक्का म्हणाल्या.

"सध्या गॅरेज."

तिचं काम बघत बसावंसं वाटायचं. बारीक कटरने ती एकेक तुकडा चौकटीतून सोडवायची, जिथे तो चिकटलेला असेल तिथला काटा पॉलिश पेपरने घासायची, बोट फिरवायची, परत घासायची. सगळे भाग साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवायची. इंजिनाच्या नळ्या तिने लॅबमधल्या, दात घडवायच्या ब्रशांनी रंगवल्या, त्यातला सगळ्यात बारीक ब्रश पाच केसांचा होता. ड्रायव्हरच्या सीटचे पट्टे खोक्यात नुसते छापील, चिकटवायचे होते. तिने ते फेकून दिले आणि औषधाच्या पाकिटाची चंदेरी पट्टी कापून खरे पट्टे केले, बक्कलासकट.

खरी अडचण गाडीच्या पांढऱ्या रंगाची झाली. दुकानातून आणलेली बाटली उघडून तिने एक थेंब कार्डावर लावला आणि तोंड वाकडं केलं. "हा भिंतीचा पांढरा. गाडी मेल्यासारखी दिसेल." तिने त्यात कणभर पिवळा घातला, मग सुईच्या टोकाने करडा, खिडकीशी जाऊन उजेडात पाहिलं, परत आली, परत गेली. असे अकरा थेंब झाले. मला सगळे सारखेच दिसत होते. मी तसं म्हणाले तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गपचूप चहा टाकायला गेले.

रंग फवारायला तिने पेनाएवढं नळकांडं आणि त्याला हवेचा छोटा पंप आणला. पंप सुरू झाला की काकांना बातम्या ऐकू यायच्या नाहीत. "आवाज कमी कर की त्याचा!" काका ओरडायचे. "तुम्ही तुमचा वाढवा," मावशी मास्कमधून म्हणायची. खिडकी सताड उघडी ठेवून ती पातळ पातळ हात द्यायची. एकदम जाड दिला तर ओघळ येतो. एक हात झाला, की ठरावीक वेळ थांबून दुसरा.

तीन हात झाले. गाडीची बॉडी तिने धूळ बसू नये म्हणून उपड्या डब्याखाली ठेवली आणि कामावर गेली. संध्याकाळी डबा उचलला तर गाडीच्या नाकावर अंगठा उमटलेला. रेषान् रेषा दिसत होत्या, पोलीसही खूश झाले असते.

अक्का पदराशी चाळा करत म्हणाल्या, "वाळलाय का बघत होते."

काका मध्ये पडले. "अगं, एवढंसं तर आहे. त्याच्यावर नंबर चिकटवून टाक. कुणाला दिसणारे?"

"मला दिसेल."

तिने बॉडी स्पिरिटमध्ये बुडवली. दुसऱ्या दिवशी जुना टूथब्रश घेऊन सगळा रंग खरवडून काढला. दीड आठवड्याचं काम मोरीतून वाहून गेलं. अक्कांना वाटलं, आता तरी टेबल मोकळं होईल. मावशीने धुतलेली बॉडी फडक्यावर ठेवली, नवा पॉलिश पेपर फाडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. अक्काच चार दिवस स्वतःहून तिच्यासाठी खिडकी उघडत होत्या.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. मालक. हातात प्लास्टरचा साचा.

मावशी मास्क लावून, काडीवर खोचलेली बॉडी फिरवत उभी होती. पंप चालू होता.

"ताई, एक दात आहे," मालक दारातूनच म्हणाले. "समोरचा. शाळेतल्या बाई आहेत, रोज साठ पोरांसमोर उभ्या राहतात. मशीनने तीनदा केला, तीनदा परत आला. रंगच जुळत नाही."

"बसा. पांढऱ्याचा शेवटचा हात चाललाय. वीस मिनिटं."

मालकांनी काडीवरच्या गाडीकडे पाहिलं. "खेळणंच आहे ना ते? थांबेल की जरा."

मावशीने मान वळवली नाही. "दात तीनदा जाऊन आलाय, तो अजून वीस मिनिटं थांबेल. हा रंग थांबत नाही."

मालकांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार तेवढ्यात अक्कांनी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर आपटली. "बसा की! आम्ही महिनाभर मांडीवर ताट घेऊन जेवतोय, तुम्हाला वीस मिनिटांनी काय होतंय?"

मालक बसले. मावशीने हात पूर्ण केला, बॉडी डब्याखाली ठेवली, नळकांडं धुतलं, मास्क काढला. मग साचा हातात घेऊन खिडकीशी गेली.

"करीन," ती म्हणाली. "पण खिडकीजवळच्या माझ्या जागेवर बसून. आणि हा एकच नाही. पुढचे सगळे दात माझ्याकडे. डब्या भरणार नाही."

"ताई, तिथे आता कॉम्प्युटर आहे. वायरिंग, सगळं…"

"मग कॉम्प्युटरलाच रंग विचारा."

"विचार करून सांगतो," म्हणत मालक साचा घेऊन निघून गेले. काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "नोकरी घालवतेस की काय?"

"गेली तर गेली. तुमच्या बातम्या आपण दोघं मिळून ऐकू."

पुढचं तिनेच मला सांगितलं. सोमवारी ती तासभर आधी लॅबवर पोचली. झाडणाऱ्या बाईंना हाताशी धरून तिने कॉम्प्युटरचं टेबल भिंतीकडे सरकवलं. वायर पुरली, कुठलंही वायरिंग मध्ये आलं नाही. मग गोदामातून स्वतःची जुनी खुर्ची आणून खिडकीशी ठेवली आणि भट्टी लावली. मालक आले, दारात थबकले.

"ताई, विचारायचं तरी."

"काल घरी विचारलं होतं. दात द्या इकडे."

शाळेतल्या बाईंना तिने लॅबवरच बोलावून घेतलं. त्यांना खिडकीत बसवलं, बोलतं केलं, हसवलं आणि त्या हसत असताना त्यांचे दात न्याहाळले. खऱ्या दाताच्या कडेला हलकी निळसर झाक होती आणि मध्ये बारीकशी उभी रेघ. मावशीने दोन्ही घातलं, रेघसुद्धा. दवाखान्यात दात बसवून घेतल्यावर बाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि दंतवैद्यांना म्हणाल्या, "यातला तुम्ही केलेला कुठला?"

गाडी त्यानंतर महिन्याने पुरी झाली. निळे पट्टे, नंबर, वर चकचकीत पारदर्शक हात, शेवटी चाकं. एका चाकाची काळी कड रंगवताना किंचित सुटली आहे, ती कुठली हे मावशी कुणालाही सांगत नाही. गाडी दिवाणखान्यात काचेखाली आहे. पाहुणे आले की अक्का आधी सांगतात, "हात लावायचा नाही," आणि मग अशा थाटात माहिती देतात, की गाडी त्यांनीच केली असावी.

मशीन दाढा करतं. पुढचे दात मावशीच्या टेबलावर येतात. मालकांनी तसं कधी जाहीर केलं नाही, ते तिच्याशी अजून कामापुरतंच बोलतात. ताई म्हणायचं सोडून बाई म्हणतात. परवा मी विचारलं, तुला काही वाटत नाही का गं?

"वाटतं ना," मावशी म्हणाली. "कधी कधी वाटतं, एकतीस वर्षांपूर्वीच एखादं टेबल सरकवायला हवं होतं."