रिकाम्या खुंटीवरून सरकणारे बोट

३ फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे. चामटोलीहून बाळाराम काकांच्या मुलीचा फोन आला. "ताई, बाबा गेले." अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या रसायन कारखान्यात काका फाटकावर हजेरी घेत, मी तिथे अभियंता. प्रोग्रॅमिंग मी महाविद्यालयात शिकले. यादीतून एकेक नाव कसे घ्यावे, हे मात्र चौथी शिकलेल्या काकांकडून.

फाटकाशी एकाहत्तर खुंट्यांचा फळा आहे. आत येणारा आपला पितळी बिल्ला खुंटीला अडकवतो, जाताना काढून नेतो. धोक्याचा भोंगा वाजला की सगळे मैदानात जमत आणि काका फळ्यावरून बोट सरकवत एकेक नंबर पुकारत. नऊ मिनिटे लागत. मी टॅबवर प्रोग्रॅम लिहिला : नाव पुकारा, 'हजर' आले की पुढचे, रजेवरच्याचे नाव आले की ते यादीतून काढून टाका. सरावात तीन मिनिटे लागली. काका हसले. "लई पळतंय गं तुझं यंत्र, इंजिनेर! मला घरी बसवतेस काय?"

दिवाळीनंतर खरोखरच वायुगळती झाली. टॅबवर 'यादी पूर्ण' उमटले आणि मी बचाव पथकाला माघारी बोलावले.

"थांब. माझं व्हायचंय," काका म्हणाले. बोट अडतीसवर आले. खुंटी रिकामी, माणूस रजेवर. बोट पुढे सरकले. "एकोणचाळीस!" उत्तर नाही. "दत्तू... ए दत्तू!" बिल्ला तर खुंटीवर होता.

दत्तू गोदामामागे बेशुद्ध सापडला. वाचला.

चूक माझी होती. अडतिसावे नाव निघताच मागची सगळी नावे एकेक जागा पुढे सरकली. दत्तू अडतिसाव्या जागी आला आणि प्रोग्रॅम एकोणचाळिसाव्याकडे निघून गेला. त्याला कुणी पुकारलेच नाही. सरावाच्या दिवशी रजेवर कुणी नव्हते, म्हणून ते दिसले नव्हते.

काका रागावले नाहीत. "माणूस नसला तरी खुंटी उपटायची नाय, पोरी. मोजून होईस्तोवर फळ्याला हात लावायचा नाय."

एकाहत्तर खुंट्यांच्या फळ्यावरून जाताना ते दोनच प्रश्न विचारत : पुढे कुणी आहे का? असेल तर कोण? आपण कुठवर आलो, एवढेच त्यांचे बोट लक्षात ठेवी. इतकी निर्दोष रचना मी अजून कुणाच्या संगणकावर पाहिलेली नाही...

काका गेल्यानंतरचा पहिला सराव काल झाला. माझा प्रोग्रॅम आता यादीतून काहीही काढत नाही. पहिली खुंटी काकांची. ती रिकामी होती, तरी मी पुकारली आणि पुढे सरकले. शेवटी नोंद केली : खुंट्या एकाहत्तर, हजर सत्तर, पुकारायचे राहून गेलेले शून्य.